दिसतंय का? : एका प्रश्नाचा इतिहास

तंत्रज्ञानाचा इतिहास बहुधा शोध लावणाऱ्यांच्या बाजूने लिहिला जातो. कोणी, कोणत्या साली, कोणत्या देशात काय शोधून काढले याची ती वंशावळ असते. त्यात प्रेक्षक डोकावतो तो केवळ संख्येच्या रूपाने. अमुक कोटींनी पाहिले, तमुक लाखांनी ऐकले. मराठीचे अध्यापन करणाऱ्या आम्हां मंडळींना मात्र हा इतिहास दुसऱ्या टोकाकडून वाचावासा वाटतो. चित्र दाखवणारा आणि चित्र पाहणारा यांच्यात अंतर पडले की एक प्रश्न आपोआप उभा राहतो : ‘दिसतंय का?’ हा प्रश्न कोणी कोणाला विचारायचा, उत्तर कोणी द्यायचे आणि त्या उत्तराचे पुढे काय व्हायचे, हे काळागणिक बदलत आले आहे. आज इंटरनेटवरून वाहत येणारे चलच्चित्र (ज्याला आपण सर्रास ‘स्ट्रीमिंग’ म्हणतो) या बदलाच्या अगदी अलीकडच्या टप्प्यावर उभे आहे. या टप्प्यावर तो प्रश्न विचारणेच जवळजवळ थांबले आहे, असे आमचे निरीक्षण आहे. ते कसे झाले, आणि त्यात आपल्या भागाचे काय हरवले, हे या लेखात पाहावयाचे आहे.

आमचा भाग म्हणजे सातारा आणि सांगली. मुळात हा एकच प्रदेश. जुन्या सातारा जिल्ह्याचे १९४९ साली उत्तर व दक्षिण असे दोन भाग झाले आणि १९६० साली दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले. पश्चिमेला सह्याद्रीच्या रांगा, कोयनेचे आणि वारणेचे खोरे. मध्ये कृष्णाकाठचा सपाट, उसाचा पट्टा आणि त्यातून जाणारा पुणे-बंगळूर महामार्ग. पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जत हा अवर्षणाचा मुलूख. ही भूरचना वाचकांनी ध्यानात ठेवावी. ध्वनी आणि चित्र यांच्या वाटेत हेच डोंगर आणि हीच अंतरे पुन्हापुन्हा आडवी येणार आहेत.

*

प्रारंभ अर्थातच रंगभूमीपासून करावा लागतो. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ हे नाटक केले. त्यांना आश्रय होता तो सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांचा. दरवर्षी ५ नोव्हेंबरला साजरा होणारा मराठी रंगभूमी दिन याच घटनेची आठवण आहे. १८५१ साली चिंतामणरावांचे निधन झाले, राजाश्रय संपला, आणि भाव्यांनी आपली मंडळी घेऊन गावोगावची वाट धरली. १८५३ साली ते मुंबईपर्यंत पोचले. वाङ्मयेतिहासात ही घटना ‘मराठी व्यावसायिक रंगभूमीचा उदय’ म्हणून येते. आमच्या विषयाच्या दृष्टीने ती आणखी एका कारणाने महत्त्वाची आहे. त्या काळी दृश्य पोचवायचे तर ते दृश्य घडवणाऱ्या माणसांनाच बैलगाडीत बसून जावे लागे. प्रेक्षक आणि नट एकाच हवेत श्वास घेत. मशालीचा उजेड कमी पडला, मागच्या रांगेला संवाद ऐकू गेला नाही, तर त्याची दाद-फिर्याद तिथल्या तिथे लागे. गुणवत्तेचे मोजमाप आणि तिची दुरुस्ती यांत क्षणाचेही अंतर नव्हते.

हे अंतर पहिल्यांदा मोठे केले ते नभोवाणीने. आकाशवाणीचे सांगली केंद्र १९६३ साली सुरू झाले. मध्यमलहरींचा एक गुण असा की त्या जमिनीला धरून दूरवर जातात; डोंगराने त्या क्षीण होतात, पण एकदम तुटत नाहीत. त्यामुळे जतच्या वाडीवरही शेतीविषयक कार्यक्रम ऐकू जाई आणि कोयनेच्या खोऱ्यातही खरखरीतून का होईना, बातम्या येत. पण निवेदकाला समोर कोणी दिसत नव्हते. त्याचा ‘ऐकू येतंय का?’ हा मनातला प्रश्न पोस्टाच्या पत्राने सुटे. श्रोत्यांची पत्रे हा नभोवाणीचा केवळ जिव्हाळ्याचा भाग नव्हता. ती तिची मापनव्यवस्थाही होती. जगभरच्या हौशी श्रोत्यांनी तर त्यासाठी एक शिस्तशीर पद्धतच रूढ केली होती. संकेताची ताकद, इतर केंद्रांचा व्यत्यय, खरखर, लहरींचा चढउतार आणि एकूण ऐकण्याजोगेपणा अशा पाच बाबींना प्रत्येकी १ ते ५ गुण द्यायचे, दिनांक व वेळ लिहायची, आणि ते पत्र केंद्राकडे धाडायचे. ‘सिंपो’ या नावाने ही पद्धत ओळखली जाते. उत्तर यायला आठवडे लागत, पण त्या पत्राला सही होती, गाव होते.

*

दूरचित्रवाणीने डोंगरांचा प्रश्न तीव्र केला. तिच्या लहरी सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की पलीकडे सावली पडते. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि १९७३ साली सिंहगडावरील मनोऱ्यामुळे ते पुण्यात दिसू लागले. उपग्रहाद्वारे खेड्यांना थेट दूरचित्रवाणी दाखवण्याचा ‘साइट’ हा विख्यात प्रयोग १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असा वर्षभर चालला. सहा राज्यांतली सुमारे २४०० खेडी त्यात होती. महाराष्ट्र त्यांत नव्हता. आमच्या भागात दूरचित्रवाणी खऱ्या अर्थाने आली ती १९८३ च्या इन्सॅट-१बी या उपग्रहानंतर, देशभर लघुशक्ती प्रक्षेपकांचे जाळे पसरले तेव्हा. या प्रक्षेपकांची ताकद बहुधा १०० वॉट. एखाद्या शहराच्या आसपासचा प्रदेश व्यापण्यापुरती.

याच काळात ‘दिसतंय का?’ हा प्रश्न घराच्या छपरावर चढला. अँटेना फिरवणारा वर, संच पाहणारा खाली, आणि दोघांमध्ये अंगणात उभा राहून निरोप पोचवणारे एखादे पोर. ‘मुंग्या आल्या’, ‘थोडं डावीकडं’, ‘आता आलं, सोडू नको’. जानेवारी १९८७ मध्ये ‘रामायण’ सुरू झाले तेव्हा रविवारी सकाळी असे संवाद किती छपरांवरून झाले असतील, याचा वाचकांनीच अंदाज करावा. या संवादात तंत्रशास्त्र पुरेपूर आहे. अ‍ॅनलॉग चित्र हळूहळू बिघडते. मुंग्या वाढत जातात, पण मुंग्यांतूनही राम-लक्ष्मण ओळखू येतात. दोष डोळ्यांना दिसतो, त्याचे माप डोळेच घेतात आणि दुरुस्ती आपल्या हातात असते. आम्हांला तर वाटते, की मराठी खेड्याने तंत्रज्ञानाशी केलेला हा शेवटचा मोकळा संवाद होता.

*

पुढच्या पर्वाची मुळे दूरदर्शनच्याही आधीची आहेत, आणि त्यांतले एक मूळ आपल्या शेजारच्या राज्यात सापडते. बंगळुरात १९४० साली जन्मलेले नासिर अहमद हे अमेरिकेत अध्यापन करीत असताना त्यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ च्या जानेवारीत एक लहानसा निबंध प्रसिद्ध केला. ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’ हे त्या गणिती रीतीचे नाव. तिचा आशय सोप्या शब्दांत असा : चित्राचे लहान चौकोनी तुकडे करावेत, प्रत्येक तुकड्यात ठळक चढउतार किती आणि बारीक कुसर किती हे वेगळे काढावे, डोळ्याला ज्या बारकाव्यांचे फारसे भान नसते ते कमी नेमकेपणाने लिहावेत किंवा गाळून टाकावेत. आज छायाचित्रे आणि चलच्चित्रे आटोपशीर करण्याच्या बहुतेक प्रचलित पद्धतींच्या गाभ्याशी हीच कल्पना किंवा तिचे वंशज आहेत.

तिची गरज किती होती ते आकड्यांनी स्पष्ट होईल. दूरदर्शनच्या जुन्या दर्जाचे चित्र, म्हणजे ७२० गुणिले ५७६ ठिपके आणि सेकंदाला २५ चित्रे, न आटवता अंकांत लिहायचे झाले तर सेकंदाला सुमारे १६.६ कोटी बिट लागतात. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले. पुढे घरोघरच्या दूरध्वनीच्या तारेवरून जे मोडेम चालत त्यांचा कमाल वेग सेकंदाला ५६ हजार बिट. म्हणजे आटवण्यापूर्वीचे चित्र त्या तारेच्या कुवतीच्या जवळजवळ ३ हजार पट मोठे होते! त्याच १९९५ साली अमेरिकेत ‘रिअलऑडिओ’ने इंटरनेटवरून वाहता आवाज ऐकवला आणि दोन वर्षांत त्याच कंपनीने चित्रही दाखवले. टपाल तिकिटाएवढ्या चौकटीत, अडखळत हलणारी आकृती. तरीही फाइल संपूर्ण उतरण्याची वाट न पाहता ती दिसू लागते, हीच त्यातली नवलाई.

आमच्या भागाने इंटरनेटशी पहिली मोठी ओळख करून घेतली ती वारणेच्या काठी. १९९८ साली ‘वारणा वायर्ड व्हिलेज’ हा प्रकल्प केंद्र, राज्य आणि वारणा सहकारी समूह यांच्या सहभागाने आखला गेला. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतली ७० गावे त्यात होती. गावागावांत संगणक बसले. स्वप्न होते ज्ञानाचे, बाजारभावांचे, शेतीसल्ल्याचे. प्रत्यक्षात त्या संगणकांचा मुख्य उपयोग उसाच्या नोंदी, वजन, बिले आणि खताच्या हिशेबासाठी झाला. काही वर्षांनी संशोधकांनी काही गावांत संगणकाच्या जागी साध्या मोबाइलच्या लघुसंदेशांनी तेच काम करून पाहिले आणि ते चालले. या प्रकल्पाची पुष्कळ चिकित्सा झाली आहे. आम्हांला त्यातला एकच मुद्दा मोलाचा वाटतो. यंत्र गावात पोचले की सेवा पोचली असे मानण्याची सवय तेव्हापासूनची आहे. किती गावे ‘जोडली’ याचे मोजमाप झाले. जोडलेल्या माणसाला काय, किती नीट आणि किती वेळ मिळाले, याचे मोजमाप मागे राहिले.

*

आता वाहते चित्र आजच्या घडीला कसे येते ते पाहू. कारण गुणवत्तेचा वाद समजून घेण्यासाठी ही वाट ठाऊक असणे आवश्यक आहे.

एका कार्यक्रमाच्या अनेक प्रती केल्या जातात. एक अगदी बारीक व पुसट, एक मध्यम, एक ठसठशीत. प्रत्येक प्रतीचे काही सेकंदांचे तुकडे पाडले जातात. हे तुकडे एकाच दूरच्या यंत्रावर न ठेवता निरनिराळ्या शहरांतल्या साठवणयंत्रांवर आधीच नेऊन ठेवले जातात. धान्य तालुक्याच्या गोदामात असले की गावाला ते लवकर मिळते, तोच हा न्याय. अमेरिकेत १९९८ साली टॉम लेटन आणि डॅनियल ल्युइन यांनी स्थापन केलेल्या ‘अकामाई’ या कंपनीने ही व्यवस्था व्यवसाय म्हणून उभी केली. प्रेक्षकाच्या मोबाइलमधले दर्शकयंत्र एकेक तुकडा मागवत जाते, आणि मागचा तुकडा किती वेळात आला यावरून पुढचा तुकडा कोणत्या प्रतीचा मागवायचा हे स्वतःच ठरवते. अ‍ॅपलने २००९ साली ही रीत आपल्या फोनांसाठी आणली. २०१२ साली ‘डॅश’ या नावाने तिचे आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरण झाले.

यातला ‘बफर’ म्हणजे घरावरची पाण्याची टाकी. नळाला पाणी वेळी-अवेळी येते. टाकीत काही साठा असला की घरातली धार चालू राहते. नळ फार काळ कोरडा राहिला, टाकी रिकामी झाली, की पडद्यावर ते गोल चक्र फिरू लागते. टाकी मोठी ठेवावी तर थेट प्रक्षेपण मागे पडते. सहा सेकंदांचे तीन तुकडे साठवून मगच दाखवायचे ठरवले तर अठरा सेकंद गेलेच. म्हणूनच सामना चालू असताना शेजारच्या घरातल्या केबलवर षटकार आधी जातो, आणि आपल्या मोबाइलवर गोलंदाज अजून धावतच असतो.

या व्यवस्थेचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण तिने एक गोष्ट गुपचूप बदलली आहे. अ‍ॅनलॉग चित्र बिघडले की मुंग्या येत. बिघाड उघड होता. नव्या व्यवस्थेत वेग कमी पडला की यंत्र न सांगता पुसट प्रत लावते. चेहऱ्यांच्या कडा विरघळतात, फळ्यावरचे अक्षर चिखलासारखे होते, पण चित्र ‘चालू’ असते. ‘दिसतंय का?’ या प्रश्नाचे उत्तर आता नेहमीच ‘हो’ असे येते. काय दिसते, हे मात्र निराळे.

*

मग गुणवत्ता मोजतो कोण? याचाही एक इतिहास आहे, आणि तोही १९७४ पासूनच सुरू करता येतो. त्या वर्षी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या छत्राखाली दूरचित्रवाणीच्या चित्राचा दर्जा माणसांकडून ठरवून घेण्याची पद्धत लिहिली गेली. काही प्रेक्षकांना ठरावीक उजेडाच्या खोलीत, पडद्यापासून ठरावीक अंतरावर बसवायचे, चित्रे दाखवायची आणि पाच श्रेणींत मत घ्यायचे : उत्तम, चांगले, बरे, खराब, फार खराब. त्या मतांची सरासरी म्हणजे त्या चित्राचा दर्जा. नभोवाणीच्या श्रोत्याचे ते १ ते ५ गुण येथे प्रयोगशाळेत आलेले दिसतात.

पण अब्जावधी तुकडे माणसांना दाखवून मते घेता येत नाहीत. म्हणून माणसाच्या मताचा अंदाज बांधणारी गणिते रचली गेली. मूळ चित्र आणि आटवलेले चित्र यांतला ठिपक्या-ठिपक्यांचा फरक मोजणे ही जुनी रीत. २००४ साली चित्रातली ‘रचना’ कितपत टिकली हे मोजणारी रीत प्रसिद्ध झाली. २०१६ साली ‘नेटफ्लिक्स’ने ‘व्हीमॅफ’ नावाचे मापक सर्वांसाठी खुले केले. हे मापक प्रेक्षकांनी दिलेल्या गुणांवरून शिकवलेले आहे. म्हणजे यंत्राच्या मागे अखेर काही माणसांचे डोळेच आहेत. आरंभीचे प्रारूप तर मोठ्या पडद्यासमोर, पडद्याच्या उंचीच्या तिप्पट अंतरावर बसलेला प्रेक्षक गृहीत धरून बांधलेले होते. उन्हात बांधावर बसून, चिरा पडलेल्या काचेच्या मोबाइलवर पाहणारा प्रेक्षक त्या गृहीतकात नव्हता. मोबाइलसाठी वेगळे प्रारूप पुढे आले. तरीही हे डोळे कोणाचे, हा प्रश्न उरतोच.

दुसरे मोजमाप याहून मुकाट आहे. दर्शकयंत्र स्वतःच कंपनीला कळवत राहते : चित्र सुरू व्हायला किती सेकंद लागले, मध्ये किती वेळा आणि किती वेळ थांबले, कोणती प्रत लावली, प्रेक्षक केव्हा निघून गेला. या नोंदींवरून केलेली दोन संशोधने प्रसिद्ध आहेत. २०११ च्या एका अभ्यासात असे आढळले की दीड तासाच्या थेट प्रक्षेपणात थांबण्याचे प्रमाण एका टक्क्याने वाढले तर पाहण्याचा वेळ तीन मिनिटांहून अधिक घटतो. २०१२ च्या दुसऱ्या अभ्यासात, चित्र सुरू व्हायला दोन सेकंदांपेक्षा जास्त उशीर झाला की प्रेक्षक सोडून जाऊ लागतात आणि पुढच्या प्रत्येक सेकंदाला ही गळती सुमारे ५.८ टक्क्यांनी वाढते, असे दिसले. हे निष्कर्ष मौलिक आहेत. परंतु त्यांतला प्रेक्षक कसा बोलतो ते पाहावे : तो निघून जातो, एवढेच त्याचे बोलणे! पत्र लिहिणारा श्रोता सहीनिशी तक्रार करी. छपरावरचा माणूस ओरडून सांगे. आजच्या प्रेक्षकाचे मत त्याच्या नकळत गोळा होते, आणि ते कोणत्या खात्यात जमा झाले हे त्याला कधीच कळत नाही.

*

या पार्श्वभूमीवर गेल्या दशकाकडे पाहावे. फेब्रुवारी २०१५ मध्ये ‘हॉटस्टार’ आले. सप्टेंबर २०१६ मध्ये ‘जिओ’ची सेवा सुरू झाली आणि काही महिने डेटा फुकट मिळाला. खेड्यातला तरुण प्रेक्षक झाला, तसा निर्माताही झाला. साताऱ्याच्या मातीतली ‘गावाकडच्या गोष्टी’ ही ‘कोरी पाटी’ची वेबमालिका याच काळातली. पुण्या-मुंबईच्या वाहिनीची दारे न ठोठावता येथली बोली, येथले पार आणि येथली माणसे जगभरच्या मराठी घरांत गेली. १८५१ नंतर भाव्यांना ज्या प्रवासासाठी बैलगाड्या जुंपाव्या लागल्या, तो प्रवास आता काही मिनिटांत होऊ लागला. वाङ्मयाच्या अभ्यासकांनी या घटनेची दखल पुरेशी घेतलेली नाही, असे आमचे मत आहे.

गर्दीचे उच्चांकही झाले. जुलै २०१९ मध्ये विश्वचषकाचा भारत-न्यूझीलंड उपांत्य सामना हॉटस्टारवर एका वेळी २.५३ कोटी जण पाहत होते. नोव्हेंबर २०२३ मधल्या अंतिम सामन्याला हा आकडा ५.९ कोटींवर गेला. नोव्हेंबर २०२२ मध्ये फुटबॉल विश्वचषकाच्या पहिल्या दिवशी मात्र ‘जिओसिनेमा’वर चित्र अडखळले, तक्रारींचा पाऊस पडला आणि कंपनीला दिलगिरी व्यक्त करावी लागली. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा सलामीला येऊन ४५ धावा करणारी स्मृती मानधना ही सांगलीत वाढलेली. तिचा खेळ सांगलीत ज्या वाटेने दिसला ती वाट कोयनेच्या खोऱ्यातल्या वाडीपर्यंत तितकीच रुंद आहे का, हा आमचा प्रश्न आहे.

तो प्रश्न निकडीचा झाला २०२० साली. मार्चअखेर टाळेबंदी आली, आणि मोबाइलच्या जाळ्यावर भार पडू नये म्हणून देशातल्या स्ट्रीमिंग कंपन्यांनी काही काळ ४८० ओळींहून अधिक दर्जाचे चित्र न देण्याचे ठरवले. करमणुकीच्या बाबतीत कोणाचे फार बिघडले नाही. पण त्याच जाळ्यावरून वर्गही भरू लागले होते. थेट वर्गात टाकी भरून ठेवण्याची सोय नसते. बोलणे तत्काळ पोचायला हवे. खोऱ्यातला विद्यार्थी टेकडीवर जाऊन, झाडाखाली उभा राहून वर्गात येई. डेटा पुरावा म्हणून चित्र बंद ठेवी. सेकंदाला १० लाख बिट या बेताच्या दर्जाचे चित्रही तासाला सुमारे ४५० एमबी खाते; रोजचा दीड जीबी डेटा तीन तास-वीस मिनिटांत संपतो, आणि घरात शिकणारी भावंडे दोन असतात. ‘दिसतंय का? ऐकू येतंय का?’ आम्ही शिक्षक रोज विचारत होतो. उत्तर येई ते ज्यांना ऐकू येत होते त्यांच्याकडून. ज्यांना येत नव्हते त्यांना प्रश्नही ऐकू गेला नव्हता.

आमच्या मते या साऱ्या मोजमापाचा मर्मभेद येथे आहे. दर्शकयंत्राच्या नोंदी आलेल्या प्रेक्षकाची गळती मोजतात. जो आलाच नाही त्याची मोजत नाहीत. तसेच सरकारी मोजमापाचे. दूरसंचार नियामकाचे अहवाल परंपरेने ‘सेवाक्षेत्रा’नुसार निघतात, आणि ‘महाराष्ट्र’ या सेवाक्षेत्रात मुंबई वगळता सारे राज्य आणि वर गोवाही येतो. नागपूर, पुणे, पणजी आणि पाटण तालुक्यातली एखादी वाडी यांची एकच सरासरी! २००४ च्या धोरणात ब्रॉडबँड म्हणजे सेकंदाला किमान २५६ हजार बिट होते. २०२३ साली ही व्याख्या २० लाख बिटांवर आणली गेली. व्याख्या उंचावली हे चांगलेच. पण सरासरीच्या सावलीत राहणाऱ्याला उंच व्याख्येचा उपयोग काय? २०२४ च्या नियमांनी एक पाऊल पुढे टाकले आहे. कंपन्यांनी आपल्या व्याप्तीचे नकाशे प्रसिद्ध करायचे आहेत, आणि जिल्हा पातळीवर सेवा २४ तासांहून अधिक काळ खंडित झाली तर ग्राहकाला भरपाई द्यायची आहे. सेवाक्षेत्राहून जिल्हा हे एकक लहान, म्हणून स्वागतार्ह. पण ज्या जिल्ह्यात महाबळेश्वर आणि म्हसवड दोन्ही नांदतात, तेथे जिल्हा हेही एकक मोठेच आहे.

याला कोणी म्हणेल, की मनोरंजनाचे चित्र थोडे पुसट दिसले तर एवढा आकांत कशाला? आकांत चित्रासाठी नाही. न्यायालयाचे कामकाज, डॉक्टरांचा सल्ला, स्पर्धापरीक्षांचे वर्ग, ग्रामसभेचे चित्रण हे सारे आता याच वाटेने येऊ लागले आहे. चित्राची वाट ही नागरिकत्वाची वाट होत असताना तिची रुंदी फक्त वाट बांधणाऱ्यानेच मोजावी, आणि मोजलेले आकडे त्याच्याच कपाटात राहावेत, ही स्थिती इतिहासाच्या अभ्यासकाला अस्वस्थ करणारी आहे. उद्या कोणी २०२० च्या सातारा-सांगलीतल्या शिक्षणाचा इतिहास लिहू लागला, तर कोणत्या गावात काय दिसत होते याचे साधन त्याला कोठे मिळावे?

म्हणून आमची एक साधी सूचना आहे. नभोवाणीच्या श्रोत्यांची ती जुनी रीत पुन्हा उचलावी. आमच्या दोन जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांत जवळजवळ प्रत्येक गावचा विद्यार्थी येतो. त्याने आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, आपल्या वाडीत एक ठरलेले चित्र लावून पाहावे आणि वहीत पाच रकाने भरावेत : सुरू व्हायला किती वेळ लागला, किती वेळा थांबले, फळ्यावरचे अक्षर वाचता आले का, किती डेटा गेला, आणि एकूण गुण पाचांपैकी किती. वर दिनांक, वेळ, गाव. यासाठी ना प्रयोगशाळा लागते ना अनुदान. वर्षभराच्या अशा नोंदी ग्रामपंचायतीपुढे, जिल्हा परिषदेपुढे, नियामकापुढे ठेवता येतील. आणि त्या ठेवल्या नाहीत तरी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात राहतील. सरासरीला गाव नसते. वहीतल्या नोंदीला असते.

दिसतंय का, हे विचारणारे पुष्कळ झाले. दिसत नाही, हे लिहून ठेवणारे आता हवे आहेत.